हिशेबातून कथा: जुन्या नागपुरातल्या कामगारांच्या मुलांवर लघुकथा कशी लिहावी

जुन्या काळातल्या कष्टकरी घरातील मुलावर लिहिलेल्या कथांचा एक ठरीव साचा झाला आहे. पहिल्या परिच्छेदात चिमणीचा मिणमिणता उजेड असतो, दुसऱ्यात आई पदराने डोळे पुसते, तिसऱ्यात वहीला पैसे नसतात, आणि शेवटी तोच मुलगा मोठा साहेब होऊन जुन्या खोलीपाशी गाडी थांबवतो. या कथा खोट्या असतात असे नाही. लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी ते दिवस स्वतः काढलेले असतात. तरीही त्या सगळ्या एकमेकींसारख्या होतात, कारण त्यांत गरिबी केवळ वातावरण म्हणून येते. प्रत्यक्षात कामगाराच्या घरात गरिबी म्हणजे रोजचा हिशेब होता: आज किती आले, कोणाच्या हातात आले, दुकानदाराच्या वहीत किती चढले आणि उरलेले किती दिवस पुरवायचे. दहा वर्षांच्या पोरालाही हा हिशेब चांगला ठाऊक असे, कारण दुकानात बहुधा त्यालाच धाडले जाई.

कथेची सुरुवात या हिशेबापासून करावी, असे माझे मत आहे, आणि पुढे सांगितलेली सगळी पद्धत त्याच मतावर उभी आहे. उदाहरणे नागपूरची घेतली आहेत आणि १९५७ सालात घडणारी एक कल्पित कथा नमुन्यासाठी शेवटपर्यंत बरोबर ठेवली आहे, म्हणजे प्रत्येक पायरीवर नेमके काय करायचे ते दिसेल.

पहिली पायरी: साल, वस्ती आणि धंदा

‘जुना काळ’ या नावाचा कोणताही काळ नसतो. लिहायला बसण्यापूर्वी कागदावर एक साल, एक मोहल्ला आणि घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाचा धंदा लिहून काढावा. नागपुरात रेल्वे १८६७ मध्ये पोहोचली आणि जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल जुम्मा तलावाजवळ (आजचा गांधीसागर) १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत मिल कामगाराचा मुलगा हे एकच पात्र राहिलेले नाही. १८९० चा मुलगा, १९२५ चा मुलगा आणि १९५७ चा मुलगा यांच्या हातातले काम वेगळे, खिशातले नाणे वेगळे आणि त्यांच्या शाळेत जाण्या-न जाण्याची कारणेही वेगळी.

यातला सर्वांत मोठा फरक कायद्याने केला आहे, आणि कथाकार नेमका तोच विसरतात. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपर्यंत काम घेण्यास मुभा ठेवली. १८९१ मध्ये ही किमान मर्यादा नऊ वर्षांवर आणि कामाचे तास सातावर आले. १९२२ मध्ये किमान वय बारा आणि तास सहा झाले, तर १९४८ च्या कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्याचे दार बंद केले. म्हणून १८८५ सालच्या कथेत आठ वर्षांचा पोरगा मिलमध्ये बॉबिन उचलताना दाखवता येतो, पण १९५७ सालच्या कथेत तसे दाखवायचे असेल तर वय चोरून घेतले आहे, हे कथेला माहीत असले पाहिजे. वय चोरणे हा स्वतःच चांगला विषय आहे. मात्र तो अजाणता येऊ नये. कायद्याच्या कक्षेत न येणारे कामही भरपूर होते. घरच्या मागासाठी कांड्या (सूत गुंडाळायच्या नळ्या) भरणे, ओसरीत बसून बिडीचे तोंड बंद करणे, हॉटेलात कपबश्या विसळणे, संत्र्याच्या हंगामात पेट्यांपाशी राबणे ही कामे करणारी मुले कोणत्याही मिलच्या हजेरीपटावर नव्हती.

वस्ती ठरली की पुष्कळ गोष्टी आपोआप ठरतात. गोळीबार चौक, तांडापेठ, टिमकी, पाचपावली या भागांत विणकरांची घरे होती, तेव्हा तिथल्या मुलाच्या कानात मागाचा खटखटाट असणार. इंदोरा आणि बेझनबाग या बाजूला मिल कामगारांची वस्ती होती. बेझनबाग हे नावच एम्प्रेस मिलचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्यावरून आले आहे. मोतीबाग आणि अजनीकडच्या मुलाचे घड्याळ आगगाडीच्या शिट्टीवर चालणार. या तिन्ही मुलांना एकाच कथेत मित्र करायचा मोह होतो, पण तो टाळावा. एका कथेला एक गल्ली पुरते.

सालाबरोबर शहराचे काय चालले होते, तेही पाहून ठेवावे लागते. नागपूर ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून विदर्भाबरोबर ते मुंबई राज्यात गेले. कचेऱ्या हलल्या आणि कारकुनांची कुटुंबेही हलली; त्यांच्यावर पोट भरणाऱ्या टांगेवाल्यांना आणि चहावाल्यांना हे वर्तमानपत्र न वाचताच कळले असणार. त्याआधी अवघे काही दिवस, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात लाखोंच्या समुदायाबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. इंदोऱ्यातल्या एखाद्या घरात १९५७ ची कथा घडत असेल, तर त्या घराची भिंत वर्षभरात बदललेली असेल. कोणत्या तसबिरी उतरल्या आणि कोणती लागली, हे कथेत दिसले नाही तर बाकीचा तपशील कितीही अचूक असला तरी साल खोटे पडेल. त्यासाठी भाषण देणारे पात्र आणायची गरज नाही, खिळ्याची जुनी खूण पुरेशी आहे.

नमुन्याच्या कथेसाठी मी ठरवतो: साल १९५७, पावसाळा नुकताच संपलेला, वस्ती गोळीबार चौकाजवळची, वडील मिलमध्ये बदली कामगार, आई शेजारच्या मागासाठी कांड्या भरणारी, मुलगा दहा वर्षांचा आणि मोठी बहीण तेरा वर्षांची.

दुसरी पायरी: माणसांना विचारणे

१९५७ मध्ये दहा वर्षांचा असलेला माणूस आज ऐंशीच्या घरात आहे. याचा अर्थ सरळ आहे: पुस्तके नंतर वाचता येतील, माणसांकडे आधी जावे. बोलणे ध्वनिमुद्रित करायचे असेल तर तसे आधी विचारावे आणि नाही म्हटल्यास वही काढावी. पहिल्या भेटीत ‘तुमचे बालपण कसे होते’ असे कधीही विचारू नये. या प्रश्नाला माणसे आयुष्यभर घोटून गुळगुळीत केलेले उत्तर देतात, आणि ते उत्तर म्हणजेच वर सांगितलेली ठरीव कथा असते.

वस्तू, रक्कम आणि वेळ यांविषयी विचारावे. आजोबा, सकाळी पहिला आवाज कशाचा यायचा? मिलचा भोंगा किती वेळा व्हायचा आणि तुमच्याकडे कोणत्या भोंग्याला चूल पेटायची? वडिलांचा डबा कोण नेऊन द्यायचे, आणि गेटवर तो कोणाच्या हातात द्यायचा? पगार झाल्यावर पैसे आधी कोणाकडे जायचे? दुकानातली उधारी कोण फेडायचे? तुम्हाला पहिली मजुरी कशाची मिळाली, आणि ती तुमच्या हातात किती वेळ राहिली? शेवटचा प्रश्न मला विशेष आवडतो, कारण त्यावर बहुतेक जण आधी हसतात आणि मग खरे सांगतात.

मुलांच्या कथा लिहिणारे फक्त पुरुषांना विचारतात, ही मोठी उणीव आहे. घराचा हिशेब बायकांना पाठ असतो. त्या मुलाची थोरली बहीण आज हयात असेल तर तिला आधी भेटावे. भावाला शाळेत जाता यावे म्हणून तिने चौथीतून शाळा सोडली असण्याची शक्यता असते, आणि ती गोष्ट भावाच्या आठवणींत अनेकदा नसतेच.

बदली कामगाराचे उदाहरण घेऊ. बदली कामगाराला कायम नोकरी नसे. कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळे, नाहीतर गेटवरून परत यावे लागे. पुस्तकात हे एक वाक्य आहे, पण तेच घरातल्या मुलाच्या बाजूने पाहिले की दृश्य तयार होते. भोंगा झाल्यावर थोड्याच वेळात वडील गल्लीच्या तोंडाशी दिसले, तर आज काम मिळालेले नाही. दिसले नाहीत, तर मिळाले. म्हणजे बापाचे न दिसणे ही त्या घरातली चांगली बातमी आहे. असे उलटे गणित एकदा हाती आले की कथेला उपमा-अलंकारांची फारशी गरज उरत नाही.

कागदपत्रांकडे त्यानंतर वळावे. जुन्या शाळांतली दाखल-खारीज रजिस्टरे कथाकाराला फार उपयोगी असतात, कारण त्यांत पालकाचा व्यवसाय आणि शाळा सोडल्याचे कारण यांची नोंद सापडू शकते. गुरुजींनी अंदाजाने जन्मतारीख लावल्यामुळे एकाच वर्गातली कितीतरी मुले जून-जुलैच्या एकाच तारखेला जन्मलेली दिसतात. मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी आणि त्यातले कोणाचेही खरे नाव कथेत आणू नये. नागपूर जिल्ह्याचे १९०८ चे आणि १९६६ चे गॅझेटियर चाळावे; पहिल्यात धंदे, वस्त्या आणि दरांची माहिती आहे, तर दुसऱ्यात स्वातंत्र्यानंतरचे शहर आहे. जुन्या वर्तमानपत्रांत अग्रलेखांपेक्षा जाहिराती आणि बाजारभाव पाहावेत. मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय रेल्वेकडच्या कथेसाठी एकदा डोळ्यांखालून घालण्यासारखे आहे. एम्प्रेस मिलच्या जागेवर आता मॉल उभा आहे, तरीही गांधीसागराच्या काठाने पायी फिरून यावे, कारण घरापासून गेटपर्यंत डबा पोहोचवायला मुलाला किती चालावे लागत असेल, हे नकाशावरून कळत नाही.

तिसरी पायरी: नाणी, मापे आणि कथेचे बीज

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पण जुनी नाणीही बाजारात चालत राहिली. अडचण अशी होती की शंभराला सोळाने नीट भाग जात नाही. म्हणून सरकारी कोष्टकात एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९ आणि चार आणे म्हणजे २५ नवे पैसे असे धरले होते. शेर आणि पायली यांच्या जागी किलो आणि लिटर येण्याची प्रक्रियाही पुढच्या काही वर्षांत झाली. त्या काळात दुकानाच्या ओट्यावर उभ्या असलेल्या पोराला सरकार म्हणजे काय, हे या कोष्टकातूनच कळत होते.

या कोष्टकात एक फट आहे. चार आण्यांचा माल एकदम घेतला तर २५ नवे पैसे द्यावे लागतात. तोच माल एकेक आण्याचा चार वेळा घेतला तर सहाच्या हिशेबाने २४ नवे पैसेच होतात आणि एक नवा पैसा उरतो. माझ्या कथेतला दहा वर्षांचा मुलगा ही फट शोधून काढतो. आईने पावली (चार आण्यांचे नाणे) दिली आहे आणि चार आण्यांचे तेल आणायला सांगितले आहे. पोरगा एका आण्याचे तेल मागतो. दुकानदार पावलीतून १९ नवे पैसे परत देतो: दहाचे एक नाणे, पाचाचे एक आणि दोनाची दोन. पोरगा चौकाला वळसा घालून पुन्हा येतो, पाच आणि दोन देतो, एक परत घेतो. तिसऱ्या खेपेला दहाचे नाणे देतो आणि दोनाची दोन परत घेतो. चौथ्या खेपेला दोनाची तीन नाणी देतो. मुठीत एक नवा पैसा उरतो.

हे नाण्यांसकट करून पाहायचे कारण असे की कथेतली प्रत्येक देवघेव कागदावर जमली पाहिजे. वाचकांपैकी एखादा जुना माणूस नक्की हिशेब करून पाहतो, आणि तो चुकलेला आढळला की पुढची सगळी भावना त्याच्यापुरती निकामी होते.

पण इथे कथा संपत नाही. आतापर्यंत फक्त गंमत हाती आली आहे. कथेला दुसरा हिशेब लागतो, पहिल्याला छेद देणारा. दुकानदार एका आण्याचे तेल लहान पळीने मोजून देतो, तर चार आण्यांचे तेल मोठ्या मापाने देतो आणि वर थोडी धार सोडतो. म्हणजे पोराने एक पैसा मिळवला, पण बाटलीत तेल कमी आले. त्याला हे ठाऊक नाही. आईला मात्र बाटलीवरची रेघ ठाऊक आहे. आता दोन हिशेब एकाच घरात समोरासमोर आले आणि कथा उभी राहिली.

स्वतःचे बीज शोधताना हीच कसोटी लावावी. तान्हा पोळ्याला नागपुरातली मुले लाकडी नंदी घेऊन घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैशांची भेट, मिळवतात. तर आपला नंदी नसलेल्या मुलाने दुसऱ्याचा नंदी अर्ध्या बोजाऱ्यावर मागून घेतला, असे होऊ शकते. संक्रांतीच्या पतंगांत ‘ओ काट’च्या आरोळीबरोबर खाली येणारा तुटका मांजा गुंडाळून विकणारा मुलगा असू शकतो. मारबतीच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीत बापाबरोबर गेलेला मुलगा असू शकतो, पण त्यात पैसा आणि वेळ यांचा काही पेच असल्याशिवाय ती नुसती सणाची वर्णने होतात. वर्णनासाठी सण वापरू नये. सणाच्या दिवशी घरात किती खर्च झाला, ते आधी मांडावे.

चौथी पायरी: हाताचे काम

कामगारांच्या कथांत कामच नसते, ही माझी जुनी तक्रार आहे. ‘तो दिवसभर राबत असे’ एवढ्यावर लेखक मोकळा होतो. कांडी भरणे म्हणजे काय, ते लिहून पाहावे: सुताची लडी फिरत्या चौकटीवर चढवलेली असते, एका हाताने रहाट फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या बोटांतून धागा सोडत तो कांडीवर सारखा बसवायचा, धागा तुटला की दोन्ही टोके शोधून जोडायची. कांडी धोट्यात (आडवा धागा नेणाऱ्या साधनात) जाते आणि धोटा ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, आरपार धावतो. कांडी सैल भरली तर मागावर बसलेल्याचा धागा अडकतो, आणि कांड्या वेळेत मिळाल्या नाहीत तर त्याचा मागच थांबतो. म्हणजे रहाटावर बसलेल्या पोराच्या किंवा बाईच्या हातावर मोठ्या माणसाची मजुरी अवलंबून असते. ही सत्ता त्या पोराला कळते, आणि तिच्यात कथेला पुरेल इतका ताण आहे.

बिडीचेही तसेच. भिजवून मऊ केलेले तेंदूचे पान मापाने कापायचे, त्यात तंबाखू पसरून वळायचे, दोरा बांधायचा आणि टोक दुमडून बंद करायचे. शेवटचे काम मुलांच्या बारीक बोटांकडे येई. मजुरी हजारावर ठरे आणि तपासणीत खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे मिळत नसत. घरी मोजलेले हजार तिथे हजार राहत नाहीत, या एका गोष्टीवर चांगली कथा लिहिता येईल.

कामाचे वर्णन करणारा परिच्छेद लिहून झाल्यावर तो त्या धंद्यातल्या माणसाला वाचून दाखवावा. तो ज्या शब्दाला अडेल तो शब्द त्याच्याकडूनच घ्यावा, आणि तो म्हणेल तो शब्द कोशात नसला तरी ठेवावा.

पाचवी पायरी: कोणाचा डोळा, कोणती भाषा

मुलाच्या डोळ्यांनी लिहायचे ठरवले की त्याला न कळणाऱ्या गोष्टींची यादी करावी. नमुन्याच्या कथेत पोराला कोष्टक कळते, नाणी कळतात, दुकानदाराचा मूड कळतो; पण आई कधीकधी जेवण झाले असे सांगून उठते, त्याचे कारण कळत नाही. त्याने ते पाहावे आणि सांगावे, अर्थ मात्र लावू नये. ‘तेव्हा मला कळले नव्हते, पण आज कळते’ हे वाक्य अशा कथांत सर्रास येते आणि दर वेळी कथेतून वर्तमानकाळाकडे पळवाट काढते. एकदाही न वापरता कथा लिहून पाहावी.

भुकेचे वर्णनही त्याच्या मोजमापाने यावे. जेवायला चून-भाकर (पिठले-भाकरी) आहे की नुसती भाकर आणि मिरची, भाकर अख्खी की चतकोर, आणि बहिणीच्या ताटात तेवढीच आहे का, एवढे पुरते. उन्हाळ्याचेही तसेच: नवतपात (कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) गच्ची तापली असे म्हणण्यापेक्षा पोराने अनवाणी चालताना कोणत्या घराच्या सावलीपासून कोणत्या घराच्या सावलीपर्यंत पळत जायचे ठरवले, ते लिहावे.

भाषेबद्दल माझे मत ठाम आहे: निवेदन प्रमाण मराठीत असावे आणि संवाद नागपुरी बोलीत. सगळी कथा बोलीत लिहिणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण त्यासाठी ती बोली घरातून आलेली असावी लागते. नाहीतर ‘काऊन’ (का) आणि ‘बे’ हे दोनच शब्द जिथे तिथे पेरले जातात. बोलीचा खरा स्वभाव क्रियापदांत असतो. दुकानदार चौथ्या खेपेला विचारतो:

‘काऊन बे, चारदा काऊन येऊन राहिला?’

‘मायनं धाडलं.’

‘एकदमच काऊन नाही नेलं मंग?’

‘सांडते म्हणे.’

या संवादात पोरगा आईच्या नावावर खोटे बोलतो, आणि पुढे आईला याच ओट्यावर यायचे आहे, एवढे वाचकाच्या ध्यानात राहिले तर संवादाने आपले काम केले. दुकानदाराला पोराने ‘शेठ’ म्हणावे, शेजारच्या म्हाताऱ्या विणकराला ‘आजा’, आणि बापाशी त्याने फारसे बोलूच नये. त्या काळच्या बहुतेक घरांत मुलगा बापाशी आईमार्फत बोलत असे, आणि हे दाखवायला संवाद लिहिण्यापेक्षा न लिहिणे बरे.

जातीचा प्रश्न टाळून १९५७ ची गल्ली लिहिता येत नाही. ओट्यावर कोण चढतो आणि कोण खाली उभा राहतो, परत दिलेली नाणी हातात ठेवली जातात की फळीवर टाकली जातात, हे मुलाला दिसतेच. त्यावर टिप्पणी करू नये, पण गाळूही नये.

सहावी पायरी: कच्चा खर्डा आणि शेवट

पहिला खर्डा एका बैठकीत लिहावा आणि तो दोन-अडीच हजार शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नये. नमुन्याच्या कथेत चारच दृश्ये आहेत: सकाळी बाप परत येतो का ते पाहणे, पावली आणि दुकानाच्या चार खेपा, संध्याकाळी आईने बाटली दिव्यासमोर धरणे, आणि काही दिवसांनी पुन्हा तेल आणायला धाडणे. शाळा, मित्र, आजी, पूर आणि सिनेमा हे सगळे पहिल्या खर्ड्यात येऊ पाहते. त्यांतले जे या चार दृश्यांत सहज बसेल तेवढेच घ्यावे. उरलेले पुढच्या कथांसाठी वहीत राहू द्यावे.

शेवटाचे तीन पर्याय मी लिहून पाहिले. एकात आई पोराला मारते आणि नंतर जवळ घेते. हा शेवट कुठल्याही कथेला लावता येतो, म्हणून तो बाद. दुसऱ्यात पोरगा तो नवा पैसा आईला आणून देतो. तो गोड आहे आणि त्यामुळेच संशयास्पद. तिसऱ्यात आई काहीच बोलत नाही, पण पुढच्या वेळी तेलाला धाडताना पावलीऐवजी आण्याची चार जुनी नाणी त्याच्या हातावर ठेवते. आणे देऊन आणे फेडले की कोष्टकच लागू होत नाही आणि फट बुजते. आईला सगळे कळले होते, हे पोराला नाणी मोजताना कळते. मी हा तिसरा शेवट ठेवला, कारण तो कथेच्या हिशेबातूनच निघाला आहे. आपल्या कथेचा शेवट असा आतून निघत नसेल, तर बहुधा मधला एखादा व्यवहार लिहायचा राहिला आहे. शेवट घासत बसण्यापेक्षा तो शोधावा.

दुरुस्तीच्या वेळी तीन गोष्टी लाल शाईने काढाव्यात: ‘बिचारा’ आणि त्याचे सगळे भाऊबंद, वाचकाने काय वाटून घ्यावे ते सांगणारी वाक्ये, आणि त्या सालात नसलेल्या वस्तू. तिसऱ्यासाठी प्रत्येक नामाखाली रेघ ओढून विचारावे की हे तेव्हा या घरात होते का. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ चे आहे, म्हणून १९५७ मध्ये रेडिओ चालेल, पण तो या घरात नसेल. चौकातल्या हॉटेलात असेल, आणि तो ऐकायला उभे राहायचे तर तिथे चहा घ्यावा लागेल किंवा हाकलून घ्यावे लागेल.

सातवी पायरी: नावे, संमती आणि पाठवणी

ज्यांनी आठवणी दिल्या त्यांची नावे, घराची खूण आणि धंद्यातला ओळखू येणारा तपशील बदलावा, आणि तरीही छापण्यापूर्वी कथा त्यांना वाचून दाखवावी. काही जण एखादी रक्कम दुरुस्त करतील; ती तशीच घ्यावी. काही जण एखादा प्रसंग काढून टाकायला सांगतील. तो त्यांचा असेल तर काढावा, तुमच्या कल्पनेतला असेल तर त्यांना तो का खटकला ते विचारावे, कारण बऱ्याचदा त्यामागे खरी हकीकत दडलेली असते.

दिवाळी अंकांची निवड सणाच्या कितीतरी महिने आधी सुरू होते, तेव्हा उन्हाळ्यातच कथा तयार असावी. विदर्भ साहित्य संघाचे ‘युगवाणी’ आणि इतर वाङ्मयीन नियतकालिके यांचे ताजे अंक पाहून, त्यांची शब्दमर्यादा विचारून मगच पाठवावे. बोलीतले संवाद प्रमाण भाषेत बदलू नयेत, अशी विनंती सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहावी, आणि मुद्रितशोधनाची प्रत मागून घेऊन आणे-पैशांचे आकडे स्वतः तपासावेत.